कधी जायचं आणि गुरं कुठं बांधायची?

गेल्या जूनमध्ये मी गावी होतो. पेरे होऊन आठवडा झाला होता, रोप बोटभर वर आलं होतं, लावणीला अजून पंधरा-वीस दिवस होते. सकाळी नऊच्या सुमाराला तलाठी आणि ग्रामपंचायतीचा शिपाई वाडीत आले, दर पावसाळ्याच्या तोंडाला येतात तसे. आमची वाडी सह्याद्रीच्या पायथ्याला, रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांच्या हद्दीपासून फार लांब नाही. वीस घरं, मागे डोंगर, खाली पऱ्या म्हणजे ओढा. प्रत्येक घराला एक नोटीस मिळाली: तुमचं घर दरडीच्या धोक्यात आहे, पावसाळ्यात सुरक्षित ठिकाणी राहायला जा, न गेल्यास होणाऱ्या हानीला तुम्ही जबाबदार. माझ्या चुलतकाकीने पडवीत बसून सही केली आणि विचारलं, "जाव की. पन कवा जायाचा? आनि गुरा कुटं बांधायची?" तलाठी तरुण, भला मुलगा. "काकी, वरून आदेश आहे, मी काय सांगू," एवढंच म्हणाला आणि पुढच्या घराकडे वळला.

काकीचं वय बहात्तर, शाळा तिसरीपर्यंत. पण अनिश्चिततेत निर्णय कसा घ्यावा याचं जे शास्त्र मी मुंबईत एका कारखान्याच्या नियोजन खात्यात तीस वर्षं वापरलं, त्याचा सगळा गाभा त्या दोन प्रश्नांत आहे. 'कधी' म्हणजे धोक्याची शक्यता किती वाढली की उठायचं. 'गुरं कुठं' म्हणजे उठण्याची किंमत किती आणि ती कोणी भरायची. नोटिशीत यातल्या एकाचंही उत्तर नाही. म्हणून माझी स्पष्ट मागणी आहे की दरडीखालच्या प्रत्येक वाडीसाठी मे महिन्यातच, ग्रामसभेत, लोकांच्या देखत हा निर्णय फांद्या मांडून कागदावर लिहिला जावा आणि घर सोडण्याचा खर्च त्या घरावर न टाकता सरकारी तिजोरीवर टाकावा.

फांद्या मांडणं म्हणजे काय, ते दरडीआधी आंब्यावर सांगतो, कारण तिथं कोकणातला माणूस हे गणित दरवर्षी करतोच. माझ्या मामांची चाळीस कलमं आहेत. जानेवारीत मोहोर दिसला की व्यापारी दारात येतो: बाग कराराने द्या, साठ हजार आत्ता मोजतो. मामांसमोर दोन वाटा. दिली तर साठ हजार हातात, पुढं अवकाळी येवो नाही तर तुडतुडे पडोत, चिंता व्यापाऱ्याची. स्वतः राखली तर हवामान साथीला आलं, तर फवारण्या, राखण, पेट्या, गाडीभाडं जाऊन समजा एक लाख साठ हजार उरतील, आणि नाही आलं तर जेमतेम दहा हजार. कागदावर हे काढताना माणसाच्या हातातल्या निवडीला चौकोन काढतात, निसर्गाच्या हातातल्या गोष्टीला गोल. चौकोनातून दोन फांद्या: द्यायची, राखायची. राखायच्या फांदीवर गोल, त्यातून पुन्हा दोन फांद्या: साथ, दगा. प्रत्येक टोकाला रुपये लिहायचे, गोलाच्या फांद्यांवर शक्यता लिहायची आणि मग टोकाकडून बुंध्याकडे हिशेब करत यायचं. इथं तो हिशेब सोपा आहे. हवामान तीन वर्षांत एकदा साथ देणार असेल, तर राखलेल्या बागेतून सरासरी साठ हजारच पदरात पडतात, म्हणजे दोन्ही वाटा सारख्या. त्याहून जास्त वेळा साथ मिळेल असं मनापासून वाटत असेल तर राखावी, नाही तर द्यावी. सगळा वाद 'पाऊस पडेल की नाही' यावरून उठून 'तीनात एकापेक्षा जास्त की कमी' या एका जागी येतो. ही त्या पद्धतीची मोठी देणगी आहे. भविष्य ती सांगत नाही, पण भांडायचं नेमकं कशावर, हे दाखवते.

मामांनी त्या वर्षी बाग दिली. त्यांच्या मते साथ मिळण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होती, तरीही दिली, कारण मार्चमध्ये सोसायटीचं कर्ज फेडायचं होतं आणि दहा हजारांवर येणं त्यांना परवडणारं नव्हतं. यात काही चुकलं नाही. डॅनियल बर्नुली या गणितज्ञाने १७३८ सालीच मांडलं होतं की रुपया सगळ्यांना सारखा नसतो, ज्याच्याकडे थोडे आहेत त्याचा एकेक जास्त वजनाचा असतो. हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण काकीच्या गोठ्याशी तो पुन्हा येणार आहे.

विसाव्या शतकात अमेरिकेत हार्वर्डचे हॉवर्ड रायफा, स्टॅनफर्डचे रोनाल्ड हॉवर्ड यांनी या विचाराला शिस्त दिली. 'निर्णय-विश्लेषण' हे नाव रोनाल्ड हॉवर्ड यांनी १९६०च्या दशकात दिलं. तेल कंपन्या विहीर खणायची की नाही हे अशा फांद्या मांडलेल्या झाडांवर ठरवू लागल्या. पण मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो त्याआधीचा एक छोटा नियम. स्वीडनचे हवामानशास्त्रज्ञ अँडर्स अँगस्ट्रॉम यांनी १९२२ साली हवामानाच्या इशाऱ्यांचा उपयोग किती, यावर लिहिताना तो मांडला. बचावाचा खर्च आणि बचाव न केल्यास होणारं नुकसान यांचा भागाकार करा. धोक्याची शक्यता त्या भागाकाराहून जास्त असेल तर बचाव करा. शंभर रुपये खर्चून दहा हजार वाचणार असतील, तर शंभरात एकाहून जास्त शक्यता पुरे. नुकसान जितकं मोठं, तितक्या थोड्या शक्यतेवर हलावं. बचाव जितका स्वस्त, तितकं लवकर हलावं. दुसऱ्या वाक्याकडे आपल्याकडे कोणी बघत नाही.

आता नोटिशीकडे येऊ. ती जूनमध्ये येते आणि सप्टेंबरअखेरपर्यंत लागू असते. म्हणजे १२२ दिवस. कोरड्या जूनच्या दुपारीही तीच नोटीस आणि जुलैत तीन दिवस आभाळ फाटलेलं असतानाही तीच नोटीस. माहितीची किंमत मोजायची या शास्त्रात एक रीत आहे. ती माहिती हाती आल्यावर तुमचा निर्णय बदलू शकतो का? बदलत नसेल तर तिची किंमत शून्य. सुरक्षित दिवशी आणि धोक्याच्या दिवशी सारखंच बोलणारा कागद निर्णय बदलू शकत नाही. त्या कागदावर पाठवणाऱ्याचा वेळ जातो, घेणाऱ्याची झोप जाते, पण माहिती म्हणून तो रिकामा आहे.

मग तो का निघतो? पाठवणाऱ्याच्या जागी बसून झाड काढून बघावं. नोटीस दिली आणि दरड आली, तर 'आम्ही सांगितलं होतं'. नोटीस दिली आणि दरड नाही आली, तर काहीच झालं नाही. नोटीस नाही दिली आणि दरड आली, तर चौकशी. तिन्ही टोकं पाहिली की कुणीही शहाणा माणूस सगळ्यांना, सगळ्या हंगामासाठी नोटीस देईल. त्या तलाठ्याच्या जागी मी असतो तर मीही दिली असती. दोष माणसात शोधू नये. दोष देणारी भाषा उलट ऐकू येते ती दुसऱ्याच तोंडून, दर दुर्घटनेनंतर: "लोक ऐकतच नाहीत." पण लोकांचं झाड वेगळं आहे. पाठवणाऱ्याला नोटीस फुकट पडते; पाळणाऱ्याला ती चार महिने घराबाहेर काढते, ऐन लावणीत, गुरं आणि भरलेली कणगी मागे सोडून. एकाच कागदाची दोन टोकांना दोन वेगळ्या किमती आहेत, आणि स्वस्त टोकाला बसलेला माणूस महाग टोकाच्या माणसाला हट्टी म्हणतो. मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही.

लोक ऐकत नाहीत हे खरंही नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर भागात किनाऱ्याला धडकलं. करोनाची टाळेबंदी चालू, माणसं एकमेकांजवळ यायला घाबरत होती, तरी रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची हजारो माणसं आदल्या दिवसापासून शाळांत, पक्क्या इमारतींत गेली. नारळी-पोफळी आडव्या झाल्या, छपरं उडाली, वीज कित्येक आठवडे नव्हती. माणसं मात्र बहुतेक वाचली. कारण सांगणं नेमकं होतं: अमुक दिवशी, अमुक वेळेला, अमुक पट्ट्यात. मच्छीमार तर दरवर्षी १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, होड्या वर ओढून ठेवतात. तारीख आधी ठरलेली असते आणि सगळ्यांना एकच असते, म्हणून पाळली जाते.

दरडीचं नेमकेपण वादळाइतकं येणार नाही, हे कबूल. वादळ उपग्रहातून चार दिवस आधी दिसतं, दरड डोंगराच्या पोटात असते. आपल्याकडे काळ्या कातळावर मातीचा आणि झिजलेल्या दगडाचा जाड थर आहे. पाऊस त्यात मुरत जातो, मातीच्या कणांमधलं पाणी दाबाखाली येतं, थराची कातळावरची पकड सुटते आणि उतार सुटून खाली येतो. म्हणून एका दिवसाचा पाऊस पुरत नाही, मागच्या दोन-तीन दिवसांत किती मुरलं तेही बघावं लागतं. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यात जुई, दासगावला हेच झालं. २२ जुलै २०२१ ला तळियेला हेच झालं, ऐंशीहून अधिक माणसं गेली; त्याच चोवीस तासांत वर महाबळेश्वरला जवळजवळ सहाशे मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी गेली, आणि ती तर धोकादायक गावांच्या यादीतच नव्हती.

हवामान खातं चोवीस तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पावसाला 'अत्यंत मुसळधार' म्हणतं आणि जिल्ह्याला लाल रंग देतं. रत्नागिरी जिल्हा उत्तर-दक्षिण सुमारे १८० किलोमीटर पसरला आहे. किनाऱ्यावरच्या गुहागरला आणि घाटाखालच्या वाडीला एकच रंग मिळाला, तर त्या रंगावर काकीने काय ठरवावं? रंग जिल्हा प्रशासनाच्या तयारीसाठी ठीक आहे. वाडीला वाडीचं मोजमाप हवं: वाडीतच एक पर्जन्यमापक, रोज सकाळ-संध्याकाळ वाचणारं एक माणूस, आणि आधी ठरलेला आकडा, चोवीस तासांत इतका आणि तीन दिवसांत मिळून तितका झाला की उठायचं.

अशा इशाऱ्यातून काय निघेल, ते मी काकीच्या घरासाठी मांडून पाहिलं. आकडे गृहीत आहेत, पण पद्धत दिसावी म्हणून सगळे उघड लिहितो. समजा आमच्यासारख्या उतारावर पन्नास वर्षांत एकदा दरड येते. समजा पावसाचा आकडा असा ठरवला की वर्षातून साधारण आठ रात्री इशारा वाजेल आणि दहातल्या नऊ दरडी त्या रात्रींतच सापडतील. पन्नास वर्षांत इशाऱ्याच्या चारशे रात्री झाल्या. मग एखाद्या इशाऱ्याच्या रात्री दरड येण्याची शक्यता ४४४ मध्ये एक. पावसाळ्यातल्या बाकीच्या, इशारा नसलेल्या रात्री ती ५७ हजारांत एक. म्हणजे इशाऱ्याची रात्र इतर रात्रींहून सव्वाशे पटींनी जास्त धोक्याची.

पण त्याच आकड्याची दुसरी बाजू गावाला आधीच सांगायला हवी. इशारा चांगला असूनही ४४४ वेळा उठलं तर ४४३ वेळा काहीही होणार नाही. सकाळी परत येऊन बघावं तर घर जागेवर, डोंगर जागेवर, आणि पोरं म्हणणार, उगाच भिजलो. हे आधी न सांगता लोकांना हलवलं तर तिसऱ्या रात्री कोणी उठणार नाही, आणि दोष इशाऱ्याच्या माथी जाईल. ज्या अधिकाऱ्याने हलवलं त्यालाही पुढच्या वेळी हात आखडता घ्यावासा वाटेल. निर्णय चांगला होता की नाही हे त्याच्या परिणामावरून ठरवायचं नसतं. त्या वेळी हाताशी काय माहिती होती आणि तिच्यावरून काय ठरवलं, यावरून ठरवायचं असतं. हेल्मेट घालून गेलेला माणूस न पडता घरी आला म्हणून हेल्मेट फुकट गेलं असं कोणी म्हणत नाही. पण असा न्याय करायचा तर त्या वेळची माहिती लिहिलेली हवी. नोंद नसेल, तर मागाहून सगळेच शहाणे.

आता पैसे. नैसर्गिक आपत्तीत माणूस गेला तर आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांप्रमाणे वारसांना ४ लाख रुपये मिळतात. हा जिवाचा भाव नव्हे, कोणी तसा समजूही नये. जिवाची किंमत याच्या कितीतरी पट आहे, आणि ती रुपयांत मांडता येते असं मी म्हणत नाही. मी फक्त सरकारच्या स्वतःच्या वहीतला, सगळ्यांत तोकडा आकडा घेतो. काकीच्या घरात पाच माणसं, म्हणजे वीस लाख. इशाऱ्याच्या रात्री शक्यता ४४४ मध्ये एक. भागाकार केला तर एका रात्रीला साडेचार हजार रुपये येतात. म्हणजे बाकी कशाचाही विचार न करता, केवळ मागाहून द्यायच्या मदतीचा हिशेब धरला तरी, त्या एका रात्री त्या एका घराला सुरक्षित ठेवण्यासाठी साडेचार हजारांपर्यंत खर्च करणं तिजोरीला परवडतं. प्रत्यक्षात खर्च किती? टेम्पो, वैरण, दोन माणसांची बुडालेली हजेरी, जेवण मिळून मी दोन हजार धरतो. इशारा नसलेल्या रात्रीचा तोच हिशेब पस्तीस रुपयांवर येतो. म्हणून सगळा हंगाम घर सोडायला सांगणं चूक, आणि त्या आठ रात्री न हलवणंही चूक.

कोणी म्हणेल, पन्नास वर्षं कशावरून? योग्य प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर आकडा फिरवून बघण्यात आहे. शंभर वर्षांत एकदा धरलं तर साडेचार हजारांचे सव्वादोन हजार होतात. तरी हलवणंच बरोबर. दोनशे वर्षांत एकदा धरलं तर अकराशे-साडेअकराशेवर येतं आणि दोन हजारांचा खर्च या तोकड्या हिशेबात बसेनासा होतो. पण तेव्हाही दोन उपाय उरतात. खर्च खाली आणावा, किंवा जिवाला ४ लाखांहून जास्त मानावं. दुसऱ्याबद्दल वाद घालायला मी तयार नाही. आणि पहिला तर पूर्ण आपल्या हातात आहे. भूगर्भशास्त्रज्ञ येऊन पन्नासच्या जागी ऐंशी म्हणाले, तर कागदावर तेवढा आकडा बदलावा. अंदाज चुकीचा असू शकतो म्हणून तो लिहूच नये, असं म्हणणाऱ्याचाही एक अंदाज असतोच, फक्त तो मनात असतो आणि कुणाला तपासता येत नाही.

एकदाच घडणाऱ्या गोष्टीला सरासरी कसली लावता, असाही आक्षेप मी ऐकला आहे. काकीच्या बाजूने तो अगदी बरोबर आहे. तिचं घर एक, तिचा जीव एक. तिच्यासाठी सरासरी नावाची गोष्टच नाही. पण सरकारच्या पदरी अशा शेकडो वाड्या आहेत, वर्षामागून वर्षं आहेत. त्याच्या वहीत सरासरी खरी उतरते. म्हणूनच हा खर्च सरकारने उचलावा असं मी म्हणतो. आंब्याच्या व्यापाऱ्याला वीस बागांचा धोका झेपतो आणि मामांना एकीचा झेपत नाही, तसंच हे आहे. बर्नुलीचा मुद्दा इथं लागू होतो: रात्रीचे दोन हजार तिजोरीला दिसणारही नाहीत, काकीला ते पंधरवड्याचं दूध-तेल-मीठ आहे. आठ रात्रींचे सोळा हजार भरून चारशे चव्वेचाळिसातल्या एका रात्रीपासून पळावं, असं तिला सांगण्याचा अधिकार ते सोळा हजार भरणाऱ्यालाच आहे.

तर गुरं कुठं बांधायची? गेल्या जुलैत आमच्याकडे तीन दिवस संततधार लागली. शाळेची खोली उघडून ठेवली होती. वीस घरांतून सात घरची माणसं गेली. ज्या तेरा घरांची माणसं गेली नाहीत, त्यातल्या अकरांच्या गोठ्यात जनावर होतं. काकीची म्हैस गाभण होती, दोन बैल होते. शाळेत जनावर नेता येत नाही, आणि ओल्या काळोखात दाव्याला बांधलेलं जनावर मागे ठेवून जाणारा माणूस आमच्या वाडीत जन्मलेला नाही. ती रात्र काकीने पडवीत कंदील लावून काढली. सकाळी पाऊस ओसरला. हा निर्णय तिने अज्ञानातून घेतला नाही. तिच्या झाडावर 'जा' या फांदीच्या टोकाला मेलेली म्हैस होती, आणि ते टोक नोटीस काढणाऱ्याच्या कागदावर नव्हतंच.

शाळेजवळच्या सपाट वरकस जमिनीवर वीस-पंचवीस जनावरांचा पत्र्याचा गोठा, शेजारी वैरण ठेवायला माळा, एक नळ. वाडीला हा एकदाचा खर्च. याने काकीचा रात्रीचा दोन हजारांचा हिशेब निम्म्याच्याही खाली येईल, आणि अँगस्ट्रॉमचा नियम सांगतो की बचाव स्वस्त झाला की माणूस थोड्या शक्यतेवरही हलतो. मग वर्षाला आठ रात्रींऐवजी बारा रात्रींचा, म्हणजे अधिक सावध, इशारा ठेवता येईल आणि दहातली जी एक दरड निसटत होती तीही कदाचित सापडेल. दरडीपासून बचावाच्या चर्चेत मी उपग्रह ऐकले, संवेदक ऐकले, जाळ्या ऐकल्या. गोठा हा शब्द एकदाही ऐकला नाही.

कायमचं पुनर्वसन हाच खरा उपाय, असं ठाम मत असणारे पुष्कळ आहेत. मीही त्यांच्यातलाच. झाडाचा पहिला चौकोन तोच असायला हवा: वाडी हलवायची की नाही. पण जागा शोधणं, मोजणी, वनखात्याची परवानगी, घरं बांधणं यात पावसाळ्यामागून पावसाळे जातात, आणि शेत जुन्या जागी असल्याने काही घरं तयार होऊनही रिकामी राहतात. पुनर्वसन होईपर्यंतचा प्रत्येक पावसाळा ही 'थांबा' नावाची फांदी आहे आणि तिच्या टोकालाही माणसं आहेत. पुनर्वसन येणार आहे म्हणून यंदाचा गोठा नको, असं म्हणता येत नाही.

फांद्या मांडायला बसलं की आणखी एक गोष्ट होते: 'जा' आणि 'राहा' यांच्या मधल्या वाटा सुचायला लागतात. म्हातारी माणसं आणि पोरं आदल्या संध्याकाळीच खाली, बाकीचे इशाऱ्यानंतर. रात्री पाळीपाळीने दोघांचा जागता पहारा. डोंगराच्या माथ्यावर दर आठवड्याला फेरी मारून भेगा बघणं. झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, झाडं कलली, दारं चौकटीत अडकायला लागली, तर पावसाचा आकडा गाठायची वाट न बघता उठणं. या खुणा वाडीतल्या जुन्या माणसांना माहीत आहेत. त्यांचं हे ज्ञान नोटिशीत कुठं मावत नाही. झाडावर त्याला स्वतःची फांदी मिळते, कारण भेग दिसली की शक्यता बदलते आणि शक्यता बदलली की निर्णय बदलतो.

माझ्या मागणीचा कागद दोन पानांत मावेल. पावसाचे दोन आकडे. पर्जन्यमापक कोण वाचणार आणि भोंगा कोण वाजवणार. माणसं कुठं, गुरं कुठं, टेम्पो कोणाचा. रात्रीची भरपाई किती आणि ती किती दिवसांत खात्यात येणार. हे आकडे कोणत्या गृहीतांवर काढले, ती गृहीतंही तिथंच लिहायची, म्हणजे पुढच्या मेमध्ये तपासता येतील. खाली ग्रामसभेच्या सह्या आणि तहसीलदारांचीही सही. आज सही फक्त काकीची असते.

या कागदावर एक ओळ काकीने सुचवली. गणपतीला गेलो तेव्हा मी तिला हे सगळं वाचून दाखवलं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "परत कवा यायाचा, त्ये नाय लिवलास." तिचं खरं होतं. पाऊस थांबला तरी डोंगरात मुरलेलं पाणी लगेच उतरत नाही, आणि ऊन पडलं की माणसं पहिली घराकडे धावतात. म्हणून ती ओळही घातली आहे: शेवटच्या मोठ्या सरीनंतर चोवीस तास, आणि वरची फेरी मारून आलेल्या दोघांनी भेग नाही असं सांगितल्यावर. तोवर गुरांना वैरण खालच्या गोठ्यातच.